तायाप्पा मास्तरांचा डावा कान

गेटवरच्या माणसानं आम्हा दोघांना सलाम ठोकला.

ठोकणारच. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पांढरी विजार, मास्तरांच्या डोक्यावर मास्तरकीची तुऱ्याची टोपी आणि छातीवर जरीनं भरलेलं ‘जयभारत ब्रास बँड, आटपाडी’. पुण्यातलं भलंमोठं मैदान, जानेवारीतली दुपार, मागंपुढं हजारो पोरंपोरी, झाडून सगळी काळ्या बनियनात. आणि त्यांच्यात आम्ही दोघं, कोळशाच्या वखारीत दोन जास्वंदी पडाव्यात तसे.

“सलाम परत कर, गोरख्या,” तायाप्पा मास्तर म्हणाले. “धंद्यातला मानूस दिसतोय.”

मी सलाम केला. त्या माणसानं तिकिटं बघितलीसुद्धा नाहीत. आम्ही आज वाजवणाऱ्यांपैकीच, असं त्याच्या डोक्यानं घेतलं आणि पब्लिकच्या रांगेतून काढून बाजूच्या पत्र्याच्या वाटेनं त्यानं आम्हाला आत सोडलं. ती वाट निघाली थेट स्टेजच्या पायथ्याशी. गावात हे सांगताना मी त्या सलामाची एकवीस तोफांची सलामी केली आहे आणि गेटवरच्या माणसाचा कलेक्टर. पण खरं एवढंच.

ड्रेसवर जायचं हा मास्तरांचा हट्ट. मी आटपाडीच्या स्टँडवरच म्हणालो होतो, “मास्तर, साध्या कापडात जाऊ या की. लोक हसतील.”

“हसूंदेत. दुसऱ्याचा बँड ऐकाय जायाचं तर डिरेसवर जायाचं. बिनडिरेसचा गेला तर चोरून चाली उचलाय आला म्हनत्यात.”

“आपण चाल उचलायलाच निघालोय, मास्तर.”

“म्हनून तर डिरेस पायजे.”

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा पुण्यात शिकायला होता आणि त्याला जुन्या विलायती बँडांचं वेड लागलं होतं. फाल्गुनात त्याचं लग्न. सुपारी आम्हाला. त्यानं आमच्या बँडच्या मालकाला, म्हणजे शिदोबा जावीरला, निरोप धाडला की पुण्यात तीन बँड येणार आहेत, त्यातला शेवटचा ‘ब्लू फर्नेस’, विलायतेचा. तो शेवटी जे गाणं वाजवतो, तेच माझ्या वरातीला पाहिजे. कॅसेटमध्ये ते पाच मिनिटांचं आहे, मैदानात पंधरा मिनिटं चालतं. मला पंधरा मिनिटांचं पाहिजे. सोबत दोन तिकिटं.

ब्लू फर्नेस म्हणजे निळी भट्टी. मास्तरांना मी तसंच सांगितलं. “गुऱ्हाळवाली मानसं हायती का काय?” त्यांनी विचारलं.

गाणं जागेवर जाऊन, ऐकून बसवायचं, हे मास्तरांना नवीन नव्हतं. नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला ते विट्याला जायचे, अंधारात गुडघ्यावर वही ठेवून सारेगम उतरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते गाणं आटपाडीच्या बाजारात वाजायचं. कॅसेटवरून त्यांनी एकही चाल बसवली नाही. “कॅसेटातलं गानं मेल्यालं असतंय,” म्हणायचे. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. आजूबाजूचे सहा बँडवाले त्यांच्या नावानं कान पकडायचे.

फक्त शेवटच्या दोन वर्षांत त्या कानांचं काय झालं होतं, ते मला एकट्याला माहीत होतं.

उजवा कान आधीच गेला होता. चाळीस वर्षं बडा ढोल त्यांच्या उजव्या अंगाला वाजला होता. डावा चार आणे उरला होता. मिरजेच्या कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो होतो त्यांना, मालकाला चुकवून, देवाला जातो म्हणून सांगून. डॉक्टर म्हणाले, “मोठ्या आवाजापासून हा कान सांभाळा. ढोलापासून लांब राहा, कापूस घाला. सांभाळलात तर दहा वर्षं जाईल. नाही सांभाळलात तर एका दिवसातसुद्धा जाईल.” मास्तरांनी मला विचारलं, काय म्हणतोय. मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून शब्द न् शब्द सांगितला.

बिनकानाचा बँडमास्तर म्हणजे काय, तुम्हीच सांगा. शिदोबाला कळलं असतं तर त्यानं मास्तरांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून आम्ही एक रीत काढली. मी ट्रंपेट घेऊन त्यांच्या डाव्या हाताला उभा राहायचो. ते माझे गाल आणि बोटं बघून क्लॅरनेट उचलायचे. गाणं कुठं वळायचं असेल तिथं माझं कोपर त्यांच्या बरगडीत. नवी चाल मी ऐकायची, संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं, डाव्या कानाला तोंड लावून एकेक सूर गुणगुणायचा आणि त्यांनी वहीत उतरवायचा. मी तसा थापाड्या माणूस. माझ्या म्हशीनं एका वेतात तीन रेडकं दिली, असं मी पंचायतीत शपथेवर सांगितलेलं आहे. पण मास्तरांच्या त्या कानात मी दोन वर्षांत एक खोटा सूर सांगितला नव्हता.

लोक म्हणायचे, तायाप्पाचा कान म्हणजे सोनं.

शिदोबाला संशय आला असावा. दिवाळीच्या आसपास त्यानं मला गाठलं. “म्हाताऱ्याचं निभतंय तवर निभूंदे,” तो म्हणाला. “त्याचं सपलं की टोपी तुझी. मी दुसरा बघनार न्हाई.”  मला एकतिसावं चालू होतं. घरात तीन पोरं. आणि टोपी मला पाहिजे होती.

पुण्याला जाताना एसटीत मास्तर खुशीत होते. डाव्या कानात तेलाचा कापूस, मांडीवर वही. बोलता बोलता म्हणाले, “गोरख्या, आनखी चार वर्सं काढायची बघ. डावा हाय तवर मी हाय. भिवाला क्लॅरनेट शिकवाय घेतलंय. चार वर्सांत तयार हुतोय त्यो. मग टोपी त्याच्या डोसक्यावर घालतो आन् मी मोकळा.”

भिवा म्हणजे त्यांचा जावई. लग्नाच्या पंगतीत जेवायला उशीर झाला की ज्याच्या फुंकीत वारा राहायचा नाही, तो भिवा.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, “आणि मी?”

“तू हायसच की त्याच्या डाव्या अंगाला. त्याला सांभाळशील. मला सांभाळलंस तसं.” त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. मनापासून मारली. तेच वाईट होतं.

तर मैदान.

पहिला बँड मुंबईचा निघाला. दुसरा परदेशी, पण मवाळ. आम्ही स्टेजपासून जरा लांब, लोखंडी कठड्याच्या टोकाला उभे. मास्तरांच्या कानात कापूस होताच, वर त्यांनी हाताचा तळवा दाबून धरला होता. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, पण डोळे सगळीकडे फिरत होते.

“ढोलवाला बसून वाजवतोय,” ते म्हणाले. “आपल्यात बसला तर वरात कोन हलीवनार?”

“ह्यांना चालायचं नसतंय, मास्तर,” त्यांचा तळवा हटवून मी कानाशी ओरडलो.

“मग लोकच नाचून नाचून थकत्यात व्हय. शाने हायती.”

शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिनं आमचे कोट बघितले. “काका, तुमचा बँड कुठला?”

“आटपाडी,” मी म्हणालो.

“नवीन आहे?”

“चोपन्न सालचा.”

तिनं आमच्याकडे मोठ्या आदरानं बघितलं. मास्तरांनी मला विचारलं, पोरगी काय म्हणतीय. मी सांगितलं, आपल्याला ओळखते म्हणतीय. मास्तर टोपी सरळ करून उभे राहिले. अशा थापा चालायच्या. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

निळी भट्टीवाले स्टेजवर आले तेव्हा उन्हं कलली होती. पाच जण. पाचही म्हातारे. पुढचा गिटारवाला तर साठीच्या पुढचा, पांढऱ्या केसांची शेंडी पाठीवर, हाडांचा सापळा, आणि हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. मास्तर पुढं वाकून बघत राहिले.

“ह्यो तर माझ्याएवढा हाय की रं.”

“मोठाच असंल.”

“आन् अजून पुढं उभा हाय. ह्याचे कान कसं असतील?”

मी खांदे उडवले.

स्टेजच्या दोन्ही अंगांना स्पीकरची भिंत होती. एकावर एक रचलेली काळी खोकी, दोन पुरुष उंच. आम्ही उभे होतो तिथून वीस पावलांवर. त्यांनी सुरुवात केली आणि माझ्या कोटाच्या झालरी हलायला लागल्या. वाऱ्यानं नव्हे. तीन-चार गाणी अशीच गेली. मी मनातल्या मनात चाली घट्ट धरत होतो, पण कुठं काय चाललंय ते हाती लागत नव्हतं. आवाजाच्या लोंढ्यात चाल म्हणजे पुरात वाहून चाललेलं टोपलं. दिसलं म्हणेपर्यंत बुडायचं.

मग कुणीतरी त्या शेवटच्या गाण्याचं नाव ओरडलं आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. चेअरमनच्या पोरानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं नाव तेच.

“हेच, मास्तर,” मी कानाशी ओरडलो.

त्यांनी वही काढली. “तू ऐक. मी लिवतो. मोठ्यानं सांग.”

गिटारवाल्यानं एक सूर लावला आणि धरून ठेवला. खालचा, जाड, जमिनीतून येणारा. मास्तरांनी पायाखाली बघितलं. मग स्पीकरकडे बघितलं. मग माझा हात सोडून ते चालायला लागले. मी मागोमाग. भिंतीपासून दोन हातांवर ते थांबले, टोपी काढून बगलेत धरली, आणि कानातला कापूस बोटानं ओढून काढला.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. औषधाचा चमचा तोंडाजवळ आल्यावर लेकरू उघडतं तसं.

“गोरख्या,” ते म्हणाले. त्या गदारोळात मला ते ओठांवरूनच कळलं. “सा हाय त्यो. आयकू आलं. मला आयकू आलं.”

आणि ते लिहायला लागले. माझ्याकडे न बघता. माझ्या गालांकडे नाही, बोटांकडे नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी लागत नव्हतो. पेन्सिल कागदावर पळत होती, एक ओळ झाली की मान डोलवायचे, गिटारवाला वर चढला की त्यांची भुवई वर चढायची. मी मागं उभा राहून वहीत डोकावलो. मला टोपलं दिसत नव्हतं, आणि ते सगळा पूर वहीत उतरवत होते. हा माणूस खरंच सोनं होता.

तेवढ्यात कठड्याच्या आतून एक जण धावत आला. तिशीचा, कमरेला वायरींची भेंडोळी, गळ्यात कार्ड. आवाजाची व्यवस्था बघणारा. त्यानं मास्तरांसमोर येऊन दोन्ही हातांनी मागं ढकलल्यासारखं केलं. मास्तर हसले आणि त्याला सलाम करून पुन्हा लिहायला लागले. मग तो माझ्याकडे आला, माझ्या कानाला तोंड लावलं. मराठीच होता.

“त्यांना मागे घ्या, लगेच. इथे आम्ही पण उभे राहत नाही. कान जातील त्यांचे.”

मी मान हलवली.

“हे घाला त्यांना. जादा एकच जोड आहे माझ्याकडे.” त्यानं खिशातून कापसासारखी, पिवळी, मऊ अशी दोन बुचं काढून माझ्या तळहातावर ठेवली, ती कशी चेपून कानात सरकवायची ते स्वतःच्या कानातली दाखवून सांगितलं, आणि स्टेजवरून कुणीतरी हाक मारली म्हणून पळाला.

मास्तरांनी वहीतून डोकं काढलं. “काय म्हनत हुता?”

मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं. त्या कानाचा वास मला पाठ होता, तेलाचा आणि कापसाचा.

“म्हणतोय, हितंच उभं ऱ्हावा,” मी म्हणालो. “हितनं सगळ्यात चांगलं ऐकू येतंय.”

ते हसले. “ते तर मलाबी कळतंय.”

आणि मी दोन पावलं मागं सरलो, बुचं चेपली आणि माझ्या कानांत घातली.

जग एकदम विहिरीत पडलं. सगळं लांब गेलं. समोर मास्तर लिहीत होते, त्यांच्या पांढऱ्या विजारीच्या कडा आवाजानं थरथरत होत्या. गाणं पंधरा मिनिटांचं होतं. पोरानं खरं सांगितलं होतं. मी मोजली नाहीत, पण एवढं सांगतो की दिवस मावळायला टेकला होता तेव्हा ते सुरू झालं, आणि संपलं तेव्हा दिवे लागले होते. त्या वेळात मला तीनदा वाटलं की पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरावं. तिन्ही वेळा मी बघितलं ते त्यांच्या बगलेतल्या टोपीकडे.

मधे एकदा ते वळले होते. काहीतरी दाखवायला, वही पुढं करून. माझ्याकडे बघितलं, हसू तसंच होतं, मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

रात्री स्वारगेटला जाताना रिक्षात ते मोठ्यानं बोलत होते. “कानात बेंदराची घुंगरं वाजत्यात रं. सगळी बैलं एकदम निघाल्यात.” रिक्षावाला आरशातून बघत होता. मी म्हणालो, “उद्यापर्यंत थांबतील.” त्यांनी ते ऐकलं की नाही, मी बघितलं नाही.

सकाळी स्टँडच्या बाकावर मला जाग आली तेव्हा ते आधीच उठून बसले होते. कोट घातलेला, टोपी मांडीवर. समोरून गाड्या जात होत्या. कर्ण्यावरून बाई गाड्यांची नावं सांगत होती. मी म्हणालो, “मास्तर, चहा आणू?”

ते गाड्यांकडे बघत होते.

“मास्तर.”

समोर एक गाडी रेस करत, काळा धूर सोडत फलाटाला लागली. बाकाच्या फळ्या हादरल्या. मास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “आज सगळ्या गाड्या न्यूटरलवर आनत्यात काय?”

मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्या आधी त्यांच्याच आलं. त्यांनी डाव्या कानात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. वही उघडून माझ्यापुढं धरली. “गा. पयली वळ गा.”

मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून गायलो. लोक बघत होते.

“गा की.”

मी गायलो. अजून मोठ्यानं गायलो. त्यांनी मला बाजूला सारून माझ्या तोंडाकडे बघितलं.

“गातोयस न्हवं?”

मी मान हलवली.

“बास कर मग,” ते म्हणाले आणि वही मिटली.

फाल्गुनात चेअरमनच्या पोराची वरात निघाली. पुढं मी, डोक्यावर तुऱ्याची टोपी. मास्तरांनी उतरवलेली चाल सुरापासून सुरापर्यंत बरोबर होती, पंधरा मिनिटांची. नवरदेव घोड्यावरून खाली उतरून मला भेटला, म्हणाला, हे तुम्ही कसं केलंत, मी तिथं होतो, अगदी तसंच आहे. त्या एका चालीवर जयभारतला तीन जिल्ह्यांतून सुपाऱ्या आल्या. मी एकोणीस वर्षं मास्तर होतो. भिवा शेवटपर्यंत तिसरं क्लॅरनेट वाजवत राहिला. आणि मी लोकांना सांगत राहिलो की पुण्यात विलायती म्हाताऱ्यानं असा सूर मारला की घारी खाली पडल्या, पलीकडच्या वस्तीतल्या म्हशी आटल्या आणि आमच्या मास्तरांचे कान गेले. लोक हसायचे. घारी आणि म्हशी घातल्या की कानांचं कुणी विचारत नाही.

मास्तर सहा वर्षं उंबऱ्याशी बसून होते. मग गेले.

एसटीतलं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुण्याहून परत येताना खिडकीशी ते, शेजारी मी. फलटण मागं पडलं होतं. गाडी भरलेली. पुढच्या बाकावर पाट्या घेतलेल्या दोन बायका, मागं पेन्शनीतले कुणी गुरुजी. मास्तरांना वाटत होतं ते हळू बोलतायत. सगळ्या गाडीला ऐकू गेलं.

“गोरख्या, त्यो कार्डवाला मागं सरा म्हनत हुता का रं?”

पुढच्या बायका वळल्या.

“त्यानं हात असा केला.” त्यांनी दोन्ही तळवे छातीसमोर धरून ढकलल्यासारखं केलं. “कान गेल्यापास्नं मला हातांचं कळतंय. आन् त्यानं तुला कायतरी दिलं. पिवळं. मी वळलो तवा ते तुझ्या कानात हुतं.”

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला होता. मी तोंड उघडलं. माझ्याकडे चार-पाच गोष्टी तयार होत्या. तो माणूस दारू प्यायलेला होता. ती बुचं गेटवरच विकायला होती. माझ्या कानाला कालपासून ठणका होता.

मास्तरांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. अलगद, लेकराच्या ठेवतात तसा.

“बोलू नगंस. तुझं बोलनं आता मला काय उपेगाचं. नुसती मान हलीव. त्यो मागं सरा म्हनला का न्हाई? व्हय का न्हाई, एवढंच.”

त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. बासष्ट वर्षांचे, पण घारीसारखे. दोन फर्लांगांवरून आमच्या पोरांची उसवलेली कॉलर त्यांना दिसायची. सगळी गाडी माझ्या मानेकडे बघत होती.

मी मान हलवली. न्हाई.

“न्हाई?”

पुन्हा हलवली. न्हाई.

“आन् तुझ्या कानात पिवळं?”

न्हाई.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघायला लागले.

“बरं,” ते म्हणाले. “मग डोळंबी गेलं म्हनायचं माझं.”

आटपाडीला उतरताना मी आधी खाली उतरलो. वर दारात मास्तर थांबून राहिले. समोर ऊन पडलेलं, पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी एक हात हवेत पुढं केला. “धर,” म्हणाले. मी पुढं झालो. त्यांनी माझा खांदा चाचपून घट्ट धरला आणि पायानं पायरी शोधत शोधत खाली उतरले. डोळे सताड उघडे. स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत बाजारपेठेतून आम्ही तसेच गेलो, लाल कोटात, पुढं मी आणि मागं माझ्या खांद्यावर हात ठेवलेले ते. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते. वाटेत एक म्हैस आडवी बसली होती. मास्तर तिच्यासमोर थांबले, मी हाताला धरून वळवेपर्यंत हलले नाहीत.

दारात त्यांची लेक सुपात जोंधळे निवडत होती. आम्हाला बघून उठली.

“दादा,” ती मला म्हणाली, “आमच्या बाच्या डोळ्यांना काय झालं?”

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तिच्याकडे वळलो आणि सांगायला सुरुवात केली, तिथं घराएवढाले भोंगे होते म्हणून.